'बीड'ची अक्षरं तीन की नऊ? सर्व्हरवरचा 'लोकेल' एरर मराठी याद्या कशा बिघडवतो

लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकानं एक इशारा कधी ना कधी पाहिलेला असतो: 'वॉर्निंग: सेटलोकेल: एलसी_ऑल: कॅनॉट चेंज लोकेल'. सोप्या मराठीत त्याचा अर्थ असा, की 'तुम्ही सांगितलेली भाषेची सेटिंग मला लावता येत नाही'. इशारा आल्यावर काम थांबत नाही, पुढची कमांड चालते. त्यामुळे बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात.

फक्त इंग्रजीत काम असेल तर या दुर्लक्षाची किंमत फारशी मोजावी लागत नाही. पण फाइलमध्ये मराठी नावं असतील, तर गोष्ट बदलते. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, यादीचा क्रम बिघडतो, असलेलं नाव शोधून सापडत नाही.

३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयानं राज्यातल्या सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत मराठीचा वापर सक्तीचा केला. कार्यालयांतल्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रोमनसोबत मराठी अक्षरंही हवीत, असं त्यात सांगितलं गेलं. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. कीबोर्डवर मराठी आली. पण टाइप केलेलं मराठी नाव ज्या सर्व्हरवर जाऊन बसतं, त्या सर्व्हरला मराठी येते का?

हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात जास्त टोचतो. २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ लोकसंख्येचा हा जिल्हा. पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, लाडकी बहीण, कुणबी नोंदी, मतदार यादी, अशा प्रत्येक विषयात शेवटी सामान्य माणूस एकच गोष्ट विचारतो: 'यादीत नाव आहे का?'

म्हणूनच हा एरर नेमका काय आहे, तो का येतो आणि कसा दुरुस्त करायचा, हे समजून घेऊ.

लोकेल म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर तुमची भाषा ओळखत नाही. त्याला ती सांगावी लागते. कोणती अक्षरं वापरायची, याद्या कोणत्या क्रमानं लावायच्या, तारीख कशी लिहायची, हजार-लाखाचे स्वल्पविराम कुठे द्यायचे, रुपयाचं चिन्ह कुठे ठेवायचं, या सगळ्या नियमांच्या गठ्ठ्याला 'लोकेल' म्हणतात.

प्रत्येक लोकेलला एक नाव असतं. मराठीसाठी ते 'एमआर_आयएन' असं आहे. 'एमआर' म्हणजे मराठी आणि 'आयएन' म्हणजे इंडिया. पुढे टिंब देऊन 'यूटीएफ-८' असं जोडलं, की अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवायची तेही ठरतं.

आता ही सेटिंग लागते कशी? युनिक्स आणि लिनक्समध्ये ती काही ठरावीक नावांच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'मध्ये ठेवलेली असते. त्यातली महत्त्वाची अशी:

'लँग' ही सर्वसाधारण सेटिंग. दुसरं काही सांगितलं नसेल तर हीच लागू होते.

'एलसी_सीटाइप' अक्षरं ओळखण्यासाठी, 'एलसी_कोलेट' क्रम लावण्यासाठी, 'एलसी_टाइम' तारखेसाठी, 'एलसी_न्यूमेरिक' आकड्यांसाठी. या सगळ्या 'लँग'च्या वर चालतात.

आणि 'एलसी_ऑल' म्हणजे या सगळ्यांचा साहेब. त्यात जे लिहिलं असेल, त्यापुढे बाकी कुणाचंही चालत नाही.

(इथे कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत टाकायची. कमांड लहान लिपीत, तर 'लँग' आणि 'एलसी'नं सुरू होणारी नावं मोठ्या लिपीत.)

मग एरर का येतो?

लोकेलचं नाव सांगणं आणि त्या लोकेलची माहिती मशीनवर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराला 'मराठी पाटी लावा' असं सांगितलं, पण त्याच्याकडे मराठी पाटीच नसेल, तर तो जुनीच पाटी ठेवणार. इथेही तसंच होतं. शेल, म्हणजे तुम्ही कमांड टाइप करता ती खिडकी, त्या नावाचं लोकेल मशीनवर शोधते. सापडलं नाही, की इशारा देते आणि जुन्या सेटिंगवर काम सुरू ठेवते.

इशाऱ्याच्या शेवटी अनेकदा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असंही येतं. नवीन माणूस इथेच फसतो. आपलीच एखादी फाइल हरवली असं समजून तो ती शोधत बसतो. खरं तर गायब असते ती लोकेलची फाइल.

हा प्रसंग सहसा चार ठिकाणी येतो.

पहिला, स्वतःच्या लॅपटॉपवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाताना. समजा, बीडमधल्या एका विद्यार्थ्यानं आपल्या उबुंटू लॅपटॉपवर मराठी सेटिंग ठेवली आहे. तो 'एसएसएच'नं दूरच्या एका सर्व्हरवर लॉग इन करतो. उबुंटू, डेबियन आणि मॅकवर एसएसएच आपल्यासोबत 'लँग' आणि 'एलसी'नं सुरू होणाऱ्या सेटिंगही पाठवतं. समोरचा सर्व्हर त्या स्वीकारतो, पण त्याच्याकडे मराठी लोकेल नसतं. लॅपटॉपवर सगळं ठीक, सर्व्हरवर पाऊल ठेवलं की एरर.

दुसरा, मॅकवरून. मॅकचं टर्मिनल काही वेळा 'एलसी_सीटाइप'मध्ये नुसतं 'यूटीएफ-८' एवढंच लिहितं. मॅकला ते कळतं. लिनक्सला मात्र भाषेचं नाव नसलेलं हे लोकेल ओळखता येत नाही.

तिसरा, कंटेनरमध्ये. डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये जागा वाचवण्यासाठी बहुतेक भाषांची लोकेल काढून टाकलेली असतात.

चौथा, रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत. एखादी स्क्रिप्ट हातानं चालवली की व्यवस्थित चालते आणि तीच 'क्रॉन'मधून रात्री दोनला चालली की मराठी नावं बिघडवते. कारण क्रॉनला अनेकदा तुमच्या लॉग इनच्या सेटिंग मिळतच नाहीत. इथे तर इशारा पाहायला समोर कुणी बसलेलंही नसतं.

'सी' लोकेल: मशीनची मूळ भाषा

मराठी लोकेल मिळालं नाही, की प्रोग्राम 'सी' नावाच्या लोकेलवर परत जातो. पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा तर आपल्या इशाऱ्यात तसं स्पष्ट लिहूनच देते.

हे नाव 'सी' या प्रोग्रामिंग भाषेवरून आलं. १९८९ मध्ये तिचं पहिलं प्रमाण ठरलं, तेव्हा लोकेल बदलण्याची सोय त्यात आली आणि मूळ लोकेलला 'सी' असं नाव मिळालं. या लोकेलला खात्रीनं कळतात ती 'ॲस्की'ची १२८ चिन्हं. ॲस्की १९६३ मधलं. त्यात इंग्रजी अक्षरं आहेत, अंक आहेत, विरामचिन्हं आहेत. 'अ' नाही आणि 'ज्ञ'ही नाही.

मग मराठी मजकूर समोर आला की 'सी' लोकेल काय करतं? ते अक्षरांऐवजी बाइट मोजतं.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'बीड' या शब्दात ब, दीर्घ वेलांटी आणि ड अशी तीन चिन्हं आहेत, म्हणजे नऊ बाइट. 'डब्ल्यूसी -एम' ही अक्षरं मोजणारी कमांड योग्य लोकेलमध्ये 'बीड'साठी ३ उत्तर देते. 'सी' लोकेलमध्ये तीच कमांड ९ सांगते. शब्द तोच, फाइल तीच, मशीनही तेच. उत्तर मात्र तिप्पट.

याचा खरा त्रास नाव कापलं जातं तेव्हा कळतो. 'अंबाजोगाई'मध्ये नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. एखाद्या प्रोग्रामनं 'नावाची पहिली दहा अक्षरं घ्या' असं ठरवलं असेल, तर योग्य लोकेलमध्ये पूर्ण 'अंबाजोगाई' मावतं. 'सी' लोकेलमध्ये दहा बाइटवर कात्री चालते. हातात उरतं 'अंब' आणि त्यापुढे एका तुटलेल्या काना-चिन्हाचा तुकडा. स्क्रीनवर तो चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन दिसतो.

पायथॉनच्या ३.६ पर्यंतच्या आवृत्त्या अशा वेळी सरळ कोसळायच्या. 'ॲस्की'त हे अक्षर लिहिता येत नाही, असा एरर देऊन काम थांबायचं. २०१८ मध्ये आलेल्या पायथॉन ३.७ पासून ही अडचण बरीच कमी झाली. ती आवृत्ती 'सी' लोकेल दिसलं की स्वतःच यूटीएफ-८ कडे वळते. पण जुनी मशीन आणि जुन्या स्क्रिप्ट लगेच निवृत्त होत नाहीत.

अकरा तालुके बरोबर लागले, मग क्षीरसागर कुठे गेले?

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांची नावं 'सी' लोकेलमध्ये 'सॉर्ट' केली तर क्रम असा येतो: अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी, शिरूर कासार.

हा क्रम तर अगदी बरोबर आहे! मराठी न समजणाऱ्या मशीननं मराठी यादी नीट लावली कशी?

कारण युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता बराचसा वर्णमालेच्या क्रमानंच मांडलेला आहे. तो 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतला गेला. त्यामुळे नुसत्या बाइटच्या क्रमानं लावलेली यादीही वरवर पाहता बरोबर दिसते. आणि धोका नेमका इथेच आहे. चाचणी घेणारा तालुक्यांची यादी बघतो, समाधानानं मान हलवतो आणि पुढे जातो.

बिघाड आडनावांच्या यादीत दिसतो.

पहिली अडचण 'ळ'ची. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या मराठी वर्णमालेत ळ हा 'ह'नंतर येतो. युनिकोडमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकसारखी मांडणी ठेवली आहे आणि तिथे ळ 'ल'च्या लगेच मागे, 'व'च्या आधी आहे. त्यामुळे 'काळे' आणि 'कावळे' ही दोन आडनावं घेतली, तर मराठी क्रमानं कावळे आधी यायला हवेत. बाइटच्या क्रमानं काळे आधी येतात.

दुसरी अडचण 'क्ष' आणि 'ज्ञ'ची. वर्णमालेत ही जोडाक्षरं शेवटी येतात. मशीनसाठी मात्र 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यामुळे बीडच्या राजकारणात अनेक वर्षं ऐकू येणारं 'क्षीरसागर' हे आडनाव यादीच्या शेवटी 'हजारे'नंतर न येता 'क'च्या शेवटी, 'ख'च्या आधी बसतं. 'ज्ञानेश्वर' अशाच प्रकारे 'झ'च्या आधी जातो.

काही शब्दकोश 'क्ष'ला 'क'मध्येच धरतात, हेही खरं. दोन्ही पद्धतींना आपापला आधार आहे. प्रश्न येतो तो एकाच कामात दोन पद्धती मिसळल्या तर. पहिल्या मशीननं छापलेली यादी एका क्रमात आणि दुसऱ्या मशीननं तयार केलेली दुसऱ्या क्रमात असेल, तर हातानं नाव शोधणारा माणूस शेवटची पानं चाळून 'नाव नाही' असं सांगून मोकळा होतो. दोन सॉर्ट केलेल्या याद्या जुळवणारी 'जॉइन'सारखी कमांडही गोंधळते. दोन्ही याद्या एकाच क्रमानं लागलेल्या असतील असं ती धरून चालते. तसं नसेल तर जुळणारी नावंही सुटतात.

आकड्यांचाही घोळ

लोकेल चुकल्यावर जसा घोळ होतो, तसा लोकेल बरोबर लावल्यावरही होऊ शकतो.

ब्राउझर आणि मोबाइलवर वापरले जाणारे भाषांचे नियम 'सीएलडीआर' नावाच्या संग्रहातून येतात. त्यात हिंदीसाठी इंग्रजी अंक हे मूळ अंक धरले आहेत आणि मराठीसाठी देवनागरी अंक. म्हणजे एखाद्या वेबसाइटनं हिंदी लोकेल लावून रक्कम दाखवली तर इंग्रजी अंक येतील. तीच मराठी लोकेल लावून दाखवली तर '१,५००' असं देवनागरीत येईल.

वाचणाऱ्याला हे छानच वाटतं. पण त्याच वेबसाइटनं दाखवलेला आकडा परत मोजणीसाठी उचलला, तर? पायथॉनला देवनागरी '१५' हा पंधरा म्हणून कळतो. जावास्क्रिप्टला कळत नाही, ती 'हा आकडाच नाही' असं उत्तर देते. दोन्ही भाषा आपापल्या नियमांनुसार बरोबर आहेत. अर्ज भरणाऱ्याला मात्र फक्त 'चुकीची माहिती' अशी लाल ओळ दिसते.

म्हणून अनुभवी प्रोग्रामर एक साधा नियम पाळतात. माणसाला दाखवताना त्याच्या भाषेचं लोकेल लावायचं, मशीननं मशीनशी बोलताना एकच ठरलेलं लोकेल ठेवायचं.

हा त्रास फक्त मराठीला होतो असं नाही. जर्मन लोकेलमध्ये दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, त्यामुळे टिंब असलेला आकडा शेलची 'प्रिंटएफ' कमांड नाकारू शकते. तुर्की भाषेत 'आय' या अक्षराचे टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन प्रकार आहेत, त्यामुळे लहान लिपीचं मोठ्या लिपीत रूपांतर करताना जगभरातली सॉफ्टवेअर अडखळत आली आहेत.

नाव आहे, तरी सापडत नाही

लोकेलचा सर्वांत गंभीर फटका डेटाबेसला बसतो. याचं मोठं उदाहरण २०१८ मधलं आहे.

लिनक्सवर लोकेलची माहिती 'ग्लिबसी' नावाच्या मूलभूत लायब्ररीत असते. १ ऑगस्ट २०१८ ला तिची २.२८ ही आवृत्ती आली. अक्षरं आणि चिन्हं लावण्याचे नियम तिच्यात मोठ्या प्रमाणावर बदलले. उदाहरणार्थ, 'एक-एक' असा मध्ये छोटी रेघ असलेला क्रमांक आणि 'अकरा' हा क्रमांक, यातला आधी कोण हेच अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये उलटं झालं.

पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस क्रमासाठी याच लायब्ररीवर अवलंबून असायचा. डेटाबेसचा 'इंडेक्स' म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची समजा. सूची जुन्या क्रमानं छापली आणि शोधणारा नव्या क्रमानं शोधू लागला, तर नाव पुस्तकात असूनही सापडणार नाही. नेमकं तसंच झालं. ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट केल्यावर असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या, आणि 'एकच नाव दोनदा नको' हा नियमही तुटून दुबार नोंदी शिरण्याची वाट मोकळी झाली. उपाय एकच होता, सगळे इंडेक्स नव्यानं बांधणं. पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या आता नियमांची आवृत्ती बदलली तर सावध करतात.

यात कुणी चुकीची कमांड दिली नव्हती. फक्त खालची लायब्ररी बदलली होती. म्हणून सर्व्हर अपडेट करण्याआधी 'आपल्या याद्या कोणत्या लोकेलनं लागल्या आहेत' हे लिहून ठेवणं गरजेचं असतं.

बीडसाठी हे का महत्त्वाचं?

या जिल्ह्याचं नावच कागदोपत्री एकसारखं नाही. निजामकाळातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ते 'भीर' असं वाचता येईल अशा स्पेलिंगनं आहे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत 'बिड' असं वाचलं जाईल असं स्पेलिंग आहे. रोजच्या वापरात दोन 'ई' असलेलं तिसरंच. मराठीत मात्र सरळ 'बीड'. म्हणजे मराठी नाव हीच सर्वांत स्थिर ओळख आहे. अट एवढीच, की मशीनला ते नीट वाचता आलं पाहिजे.

दुसरा मुद्दा जुन्या नोंदींचा. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीतही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध घेताना याच कागदांत हात घातला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णय निघाल्यावर हा शोध आणखी महत्त्वाचा झाला.

स्कॅन केलेलं पान म्हणजे कॉम्प्युटरसाठी एक फोटो. फोटोत नाव शोधता येत नाही. जाणकारानं ते वाचून देवनागरीत टाइप केलं, की मगच ते 'सर्च'मध्ये येतं. मोडीला स्वतःला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. इतक्या मेहनतीनं टाइप केलेलं नाव पुढे चुकीच्या सेटिंगच्या मशीनवर कापलं गेलं किंवा सापडलं नाही, तर मोडी वाचणाऱ्याचे कष्ट वाया जातात आणि अर्जदाराची फेरी वाढते.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणं सुरू होतं. महिन्याला १,५०० रुपयांचा हा विषय. तेव्हा 'मराठीत भरलेले अर्ज बाद होणार' अशी चर्चा राज्यभर पसरली. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना मराठीतले अर्ज बाद होणार नाहीत, असा खुलासा करावा लागला. मराठी राज्यात मराठीत अर्ज भरल्यावर लोकांना भीती वाटावी, यामागे 'कॉम्प्युटरला इंग्रजीच लागतं' हा रुजलेला समज आहे. मशीन नीट लावलेलं असेल, तर तो समज खोटा ठरतो.

दुरुस्त कसं करायचं?

१. इशारा पूर्ण वाचा. कंसात ज्या लोकेलचं नाव दिलं आहे, तेच मशीनवर नाही.

२. 'लोकेल' ही कमांड चालवा. सध्या कोणती सेटिंग कुठे आहे ते दिसेल. 'एलसी_ऑल'समोर काही लिहिलेलं असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या.

३. 'लोकेल -ए' चालवा. मशीनवर खरोखर असलेल्या लोकेलची यादी येईल. हवं असलेलं नाव त्यात नसेल तर कारण सापडलं.

४. लोकेल बसवा. उबुंटूवर ॲडमिनच्या अधिकारानं 'लोकेल-जेन' कमांड देऊन पुढे 'एमआर_आयएन' लिहा. डेबियनवर लोकेलच्या यादीच्या फाइलमधली मराठीची ओळ सुरू करा. इथे एक खोच आहे. अमेरिकी इंग्रजीच्या ओळीत नावालाच टिंब देऊन यूटीएफ-८ जोडलेलं असतं. मराठीच्या ओळीत मात्र नुसतं 'एमआर_आयएन' आणि जागा सोडून 'यूटीएफ-८' असतं. टिंबासकट शोधणाऱ्याला 'मराठी नाहीच' असं वाटतं. फेडोरा आणि रेड हॅटच्या नव्या आवृत्त्यांवर 'ग्लिबसी-लँगपॅक-एमआर' हे पॅकेज बसवावं लागतं.

५. 'लँग' सेट करा, लॉग आउट करून परत लॉग इन करा. 'एलसी_ऑल' कायमस्वरूपी लावून ठेवू नका, ते तात्पुरत्या चाचणीसाठी आहे. पूर्वी कुणी ती ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली असेल तर काढून टाका.

६. सर्व्हरवर ॲडमिनचे अधिकार नसतील तर 'लँग'मध्ये 'सी.यूटीएफ-८' लिहा. डॉकर आणि क्रॉनसाठीही हाच सुटसुटीत मार्ग आहे. २०२२ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.३५ पासून ते मूळ लायब्ररीतच आहे, डेबियन-उबुंटूवर त्याआधीपासून होतं. यानं अक्षरं नीट वाचली जातात. मराठी क्रम मात्र मिळत नाही, तो बाइटचाच राहतो.

७. मॅकवरून अडचण येत असेल तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये, प्रोफाइलच्या ॲडव्हान्स्ड भागात, सुरुवातीलाच लोकेल लावण्याचा पर्याय आहे. तिथली खूण काढा.

८. शेवटी चाचणी घ्या. 'बीड'ची चिन्हं तीन येतात का? काळे, कावळे, हजारे आणि क्षीरसागर ही चार नावं सॉर्ट केल्यावर हव्या त्या क्रमानं लागतात का? तालुक्यांच्या यादीवर विसंबू नका, ती चुकीच्या लोकेलमध्येही पास होते.

एक उपाय मात्र टाळा

इंटरनेटवर या एररचा सर्वांत पटकन मिळणारा सल्ला असतो: 'एलसी_ऑल'मध्ये 'सी' लिहा. इशारा क्षणात गायब होतो. कारण 'सी' प्रत्येक मशीनवर असतंच.

पण त्यानं नेमकं काय झालं? जे नुकसान इशारा देऊन होत होतं, ते आता मुकाट्यानं होईल. फाइलमध्ये फक्त इंग्रजी मजकूर असेल किंवा मशीननं मशीनसाठीच काम करायचं असेल, तर ही सेटिंग मुद्दाम वापरली जाते आणि तिथे ती योग्यही आहे. मराठी नावांच्या यादीवर ती लावणं म्हणजे धुराचा अलार्म वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणं.

प्रत्येक प्रश्नचिन्ह लोकेलचं नसतं

मराठी मजकूर बिघडण्याची इतरही कारणं आहेत. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील, तर फाइल बहुधा कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली आहे. त्यात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. फॉन्ट फक्त इंग्रजी चिन्हांना मराठी रूप देतो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. मजकूर शाबूत आहे.

नाव दिसतं पण शोधून सापडत नाही, असं असेल तर 'ऱ' तपासा. 'कुऱ्हाडे'मधला हा ऱ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र'खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांतही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. शोधण्याआधी सगळी नावं एकाच रूपात आणणं, हा त्यावरचा मार्ग.

पुढे काय?

लोकेल बसवायला पैसे लागत नाहीत. मराठीचं लोकेल लिनक्ससोबत फुकट मिळतं आणि बसायला काही मिनिटं लागतात. लागतं ते एवढंच, की काम देणाऱ्यानं ते मागावं आणि घेणाऱ्यानं तपासावं. सरकारी कामासाठी सॉफ्टवेअर किंवा सर्व्हर घेताना 'मराठी चालतं' या एका शब्दावर समाधान न मानता, वरच्या चार नावांची चाचणी समोर बसून घेता येते. ती पाच मिनिटांत होते.

तुमच्या ग्रामपंचायतीत, सेतू केंद्रात किंवा बँकेत 'यादीत तुमचं नाव नाही' असं उत्तर मिळालं, तर लगेच माघारी फिरू नका. आडनाव 'क्ष', 'ज्ञ'नं सुरू होत असेल किंवा त्यात 'ळ', 'ऱ' असेल, तर यादीत दुसऱ्या जागीही पाहायला सांगा. आधार किंवा अर्ज क्रमांकानं शोधायला सांगा, आकड्यांना वर्णमालेचा त्रास नसतो. अनेकदा नाव यादीत असतं. मशीन ते दुसऱ्याच ठिकाणी शोधत असतं.